मिरी मुंगीची पहिली नानखटाई

एक होती मुंगी. मिरीएवढी इवली. मिरीसारखी काळी. आणि मिरीसारखीच तिखट! म्हणून तिचं नाव मिरी.

मिरी राहायची गोदामावशीच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या फटीत. गोदामावशी घरीच नानखटाई भाजायची. कढईत वाळू घालायची, वाळूवर थाळी ठेवायची. वाळू तापली का, हे कसं कळणार? म्हणून मावशी आधी एकच नानखटाई भाजायची. बोराएवढी. ती पहिली नानखटाई कुणाची? मिरीची! मावशीचा तसा नेमच होता.

एकदा काय झालं, पडली थंडी. मावशीने चमचाभर तूप तळहातावर चोळून मऊ केलं आणि पहिली नानखटाई भाजली. ओट्यावर ठेवली आणि हाक मारली, "मिरे, ये गं!"

मिरी निघाली. तुरू तुरू तुरू.

तेवढ्यात मावशीने काय केलं? घासलेलं पातेलं ओट्यावर पालथं घातलं. खाली बघितलं नाही, काही नाही. ठण्ण! नानखटाई पातेल्याखाली गडप!

मिरी आली. वास येतोय, पण नानखटाई कुठाय? मिरीला आला राग. अस्सा राग, अस्सा राग! तिने पाय आपटले. मुंगीला पाय किती? सहा! टप टप टप, टप टप टप!

"पातेल्या, पातेल्या, ऊठ. माझी नानखटाई दे."

पातेलं म्हणालं, "मी का उठू? मावशी उचलेल, तर उठेन."

मिरी गेली मावशीकडे. तुरू तुरू तुरू.

"मावशी, मावशी, पातेलं उचल.
पातेलं उठेना,
माझी नानखटाई मला मिळेना.
आला, आला, मला राग आला!"
टप टप टप, टप टप टप!

मावशी परातीत तूप-साखर फेसत होती. पण तूप कसलं? नुसता दगड! "थांब गं बाई," मावशी म्हणाली. "माझे हात बरबटलेत. तूप मऊ होईल, तर उचलेन."

"मग ठेव ना गॅसवर!"

"छे गं! आचेवर पातळ केलं, तर नानखटाई पसरते. पापड होतो तिचा!"

मिरी गेली तुपाकडे. तुरू तुरू तुरू.

"तुपा, तुपा, मऊ हो.
मावशी उचलेना,
पातेलं उठेना,
माझी नानखटाई मला मिळेना.
आला, आला, मला राग आला!"
टप टप टप, टप टप टप!

तूप म्हणालं, "हुडहुड हुडहुड! मला वाजतेय थंडी. ऊन येईल, तर मऊ होईन."

मिरी गेली उन्हाकडे. तुरू तुरू तुरू.

"उन्हा, उन्हा, आत ये.
तूप मऊ होईना,
मावशी उचलेना,
पातेलं उठेना,
माझी नानखटाई मला मिळेना.
आला, आला, मला राग आला!"
टप टप टप, टप टप टप!

ऊन म्हणालं, "खिडकीवर पडदा आहे. पडदा हलेल, तर आत येईन."

मिरी गेली पडद्याकडे. तुरू तुरू तुरू.

"पडद्या, पडद्या, हल.
ऊन येईना,
तूप मऊ होईना,
मावशी उचलेना,
पातेलं उठेना,
माझी नानखटाई मला मिळेना.
आला, आला, मला राग आला!"
टप टप टप, टप टप टप!

पडदा म्हणाला, "माझ्या टोकावर झोपलाय गब्बू बोका. बोका उठेल, तर हलेन."

मिरी गेली बोक्याकडे. तुरू तुरू तुरू.

"बोक्या, बोक्या, ऊठ.
पडदा हलेना,
ऊन येईना,
तूप मऊ होईना,
मावशी उचलेना,
पातेलं उठेना,
माझी नानखटाई मला मिळेना.
आला, आला, मला राग आला!"
टप टप टप, टप टप टप!

बोक्याने एक डोळा उघडला. "कढईभर नानखटाया भाजू देत. खमंग वास येईल, तर उठेन." आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र घुर्र.

काय म्हणावं या बोक्याला! वास कधी येणार? नानखटाया भाजल्या की. नानखटाया कधी भाजणार? तूप मऊ झालं की. आणि तूप कधी मऊ होणार? हा ढोल्या उठला की!

आता मात्र मिरीचा राग मावेना. पायात मावेना, पोटात मावेना. ती चढली बोक्याच्या शेपटीवर. गेली शेंड्याशी. आणि चावली. कच्च!

"म्याऽऽऽव!"

बोका उठला, टुण्ण!
पडदा हलला, सळ्ळ!
ऊन आलं, लख्ख!
तूप झालं मऊ मऊ.
मावशीने फेसलं, फट फट फट!
हात धुतले, खळ खळ खळ!
पातेलं उचललं, ठण्ण!

आणि खाली काय? बोराएवढी नानखटाई!

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! पातेलं मीच पालथं घातलं. आणि वर तुलाच म्हटलं, थांब!"

"हो! तूच!" मिरी म्हणाली.

"चुकलं गं माझं. आता आधी बघेन, मग ठेवेन."

"नक्की?"

"नक्की!"

तरी मिरीचा राग गेला नव्हता बरं का. तिने नानखटाईचा कण तोंडात घातला आणि पाय आपटले. टप. टप. टप. चौथा पाय उचलला… आणि कण विरघळला. गोड गोड, खुसखुशीत! चौथा पाय आपटायचा राहूनच गेला.

मग कढईभर नानखटाया भाजल्या. खमंग वास सुटला. गब्बू बोका आला धावत. पण बसला कुठे? मिरीपासून लांब, शेपटी पोटाखाली घेऊन!

नानखटाई गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात.