घासलेला नंबर

गाड्या आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या पिकअपची बॉडी रंगवून गॅरेजमध्ये परत आली. तिला वाटलं होतं, खाली आपलीच चासी, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, वाट बघत असेल. पण त्या चासीचे तुकडे कोपऱ्यात पडले होते आणि तिच्या जागी डिझेल ट्रकची नवी, दणकट चासी उभी होती.

“बसा मावशी,” नवी चासी म्हणाली. “माझा नंबर ग्राइंडरने घासला आणि तुमच्या चासीचा कापून मला जोडला. आता कागदोपत्री मीच ती.”

“आणि ती?”

“भंगार! तुम्हाला काय, दसऱ्याचा हार तुमच्याच गळ्यात.”

“जन्मभर तिने मला पेललं गं.”

“मग जा तिच्यासोबत. गॅस कटर तयारच आहे.”

सकाळी मिस्त्री बोल्ट घेऊन आला. बॉडीने अंग आखडून धरलं आणि नव्या चासीशी बोल्टचं एकही भोक जुळू दिलं नाही.