भरलेली बाटली

"आणि पुढं पाणी नसलं तर?"

प्रज्वलने हे विचारलं तेव्हा दर्याशा फकीर आपली बाटली उलटी धरून तिच्यातला शेवटचा थेंब जिभेवर घेत होते.

"नसलं तर नसेल," ते म्हणाले आणि रिकामी बाटली त्यांनी झोळीत टाकली.

"म्हणजे? तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"परवा होतं."

"परवाचं पाणी आज कसं प्यायचं?"

"म्हणून तर आजचं पिऊन टाकलं."

प्रज्वलला या उत्तराचा राग आला. त्याला म्हाताऱ्यांच्या बहुतेक उत्तरांचा राग यायचा. त्याच्या मते म्हातारी माणसं आयुष्यभर दोनच कामं करतात. एक सांगत राहतात, आणि दुसरं म्हणजे आपण सांगितलेलं आपणच करत नाहीत.

वाळवंट जिथं संपतं आणि उघडेबोडके डोंगर सुरू होतात, तिथं ही घळ होती. घळीच्या तोंडाशी दर्याशांची झोपडी. आतल्या टोकाला खडकाची एक बंदिस्त खोली, तिला सगळे 'चूल' म्हणत. भर दुपारी वरच्या फटीतून ऊन आत उतरलं की तिथल्या भिंती निखाऱ्यासारख्या पेटतात. त्या चुलीच्या पायथ्याशी खडकातून पाण्याचा एक बारीक झिरा गळतो... गळत असला तर. थंडीत लोक कॅमेरे घेऊन ही घळ चालायला येतात. आता उन्हाळा लागला होता, कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं.

दर्याशा तरुणपणी परभणीकडे फिरलेले, म्हणून त्यांना मराठी यायची. प्रज्वल अंबाजोगाईचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडून निघालेला. फिरत फिरत तो या झोपडीत येऊन टेकला आणि तिथंच राहायचं म्हणाला. चेला व्हायचं म्हणाला.

दर्याशांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसता चहा दिला. असे बरेच दिवस नुसत्या चहावर गेले, तसा प्रज्वल तडकला.

"एकदाचं सांगून टाका, बाबा. ठेवणार की हाकलणार?"

"उद्या चुलीपर्यंत जाऊन येऊ. मग बघू," ते म्हणाले होते. "संध्याकाळची जीप आहेच."

जीप शहराकडे जायची. शहरापुढं रेल्वे. आणि रेल्वेपुढं घर...

घर म्हणजे वडील. प्रज्वल पाठीला सॅक लावून निघाला तेव्हा वडील खुर्चीतून उठलेही नव्हते. "जा," ते म्हणाले होते. "येशील परत. तुझ्या हातात आजवर काही टिकलंय का?"

वाक्य एवढंच होतं. पण ते त्याच्याबरोबर रेल्वेत बसलं, जीपमध्ये बसलं, आणि आता घळीतही चाललं होतं.

म्हणून प्रज्वलने रात्रीच ठरवून टाकलं होतं. ही परीक्षा आहे. अख्खी घळ चालायची आणि बाटली भरलेलीच ठेवायची. चुलीत पोचलं की म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवायची. बघा म्हणायचं. टिकलं.

सकाळपासून त्याने फक्त ओठ ओले केले होते.

---

घळ अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचा खडक, जणू कुणी घोंगड्यांच्या घड्या एकावर एक रचल्या आहेत. वर आभाळाची चिंधी. पायाखाली वाळू, वाळूवर वाऱ्याने काढलेल्या सुरकुत्या.

दर्याशा थांबले. खडकाच्या खाचेत नेपतीचं झुडूप होतं. पान एक नाही, नुसती लाल फुलं.

"बघ," ते म्हणाले.

"येताना बघू."

थोडं पुढं कपारीत पाकोळ्यांची घरटी होती. मातीचे छोटे छोटे वाडगे भिंतीला चिकटवल्यासारखे.

"बघ."

"बाबा, मला चूल बघायचीय. ती दाखवा. हे असलं वाटेतलं बघत बसलो तर दिवस जाईल."

"दिवस जाणारच आहे."

"तुमचा जाईल. मला काहीतरी मिळवायचंय इथून."

दर्याशा हसले. त्यांचे पुढचे दात पडलेले होते. हसले की ते शाळकरी पोरासारखे दिसायचे, आणि प्रज्वलला तेही खपायचं नाही.

"पाणी पी," ते म्हणाले.

"तहान नाहीये."

"तहान लागल्यावर पिणार?"

"गरज पडल्यावर पिणार. तुमच्यासारखं नाही. दिसलं की ढोसलं."

"घरी कुणी शिकवलं हे?"

"घरी?" प्रज्वल फिस्कन हसला. "घरचं काढू नका, बाबा. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, उन्हाळ्यात मांड्या चिकटतात त्याला. काचेचा डिनर सेट कपाटात. कुणीतरी मोठं येणार म्हणे जेवायला. मी जन्मल्यापासून कुणी आलं नाही. माझे आजोबा होते, त्यांचं एक रेशीमकाठी धोतर होतं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. चांगल्या दिवसासाठी. शेवटी काढलं."

"कधी?"

"नेसवलं तेव्हा नेसायला आजोबा नव्हते."

दर्याशांनी झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सगळी पिढीच तसली," प्रज्वल म्हणाला. "जगायचं सोडून गाठोडी बांधत बसलेली. आणि वर आम्हाला शिकवणार. मी म्हणूनच निघालो तिथून."

"निघालास..." दर्याशा म्हणाले, आणि त्यांनी प्रज्वलच्या सॅककडे बघितलं. सॅकच्या बाजूच्या जाळीत बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली.

---

मधे एक मोठा धोंडा घळीत अडकलेला होता. दर्याशा अनवाणी सरसर वर गेले. प्रज्वल बूट घालून दोनदा घसरला. पलीकडे उतरल्यावर वाटेच्या कडेला दगडांचा एक लांबट ढीग दिसला. माणसाएवढा.

"हे काय?"

"कबर आहे."

"कुणाची?"

"नाव कळलं नाही. चालायला आलेला होता. तुझ्यासारखाच जाडजूड बुटांतला."

"कशानं मेला?"

"तहानेनं."

प्रज्वल ढिगाकडे बघत राहिला. "पाणी आणलं नव्हतं?"

"आणलं होतं की. अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं."

"मग?"

"मग काय... दगड आणून आणून आमचा घसा सुकला होता. आम्ही प्यायलो ते." दर्याशांनी ढिगावरून घरंगळलेला एक दगड उचलून परत वर ठेवला. "गोड होतं पाणी."

"मूर्खच होता," प्रज्वल म्हणाला.

"हं."

"स्वतःजवळ पाणी असून मरायचं म्हणजे हद्द झाली. त्याला कळायला नको, आता गरज आहे म्हणून?"

"त्याला वाटलं असेल, गरज पुढं आहे."

प्रज्वलने मान हलवली आणि चालायला लागला. पाणी मात्र प्यायला नाही. ते वेगळं होतं. तो माणूस मूर्ख होता, प्रज्वलचं तसं नव्हतं. त्याच्याकडे कारण होतं.

---

ऊन आता थेट डोक्यावर आलं. खडक भट्टीसारखे तापले. प्रज्वलचं कपाळ ठणकायला लागलं. मघापर्यंत पाठीवरून घाम गळत होता, तो थांबला. बरं झालं, त्याला वाटलं. जीभ टाळूला चिकटली. ती सोडवायला तो तोंडातल्या तोंडात चघळल्यासारखं करत होता.

"पाणी पी," दर्याशा म्हणाले.

"नको."

"पी."

"नको म्हटलं ना! तुमचं संपलं म्हणून माझ्या बाटलीवर डोळा आहे का?"

दर्याशा पुढं चालू लागले.

घळीने एक वळण घेतलं, मग दुसरं. भिंती डुलायला लागल्या. प्रज्वलला वडील दिसले, खुर्चीत बसलेले, न उठलेले. त्याने सॅकवर मागे हात नेऊन बाटली चाचपली. होती. भरलेली होती. टिकलं होतं...

तो कधी पडला ते त्याला कळलं नाही. एकदम वाळू गालाला लागली, गरम, चटका बसेल अशी.

दर्याशांनी त्याला काखेत धरून सावलीत ओढलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. त्यांनी त्याची सॅक काढली, बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या हाताशी ठेवली.

प्रज्वलने झाकण परत लावलं. दोनदा आटे चुकले, तरी नीट लावलं.

"चूल... किती लांब?"

"वळणापलीकडे."

"मग चला. तिथं... तिथंच पिणार."

"बरं," दर्याशा म्हणाले.

ते उठले आणि चार पावलं गेले. वाकून त्यांनी एक दगड उचलला, आणून प्रज्वलच्या पायाशी ठेवला. परत गेले. दुसरा आणला, तो पहिल्याला लावून ठेवला. मग तिसरा. घाई नव्हती, कुरकुर नव्हती. दगड नीट बसतो की नाही तेवढं हलवून बघत होते.

घोट्यांच्या दोन्ही बाजूंना दगड आले तेव्हा प्रज्वलने विचारलं, "काय चाललंय?"

"पुरतोय."

"बाबा... मी जिवंत आहे."

दर्याशांनी हातातला दगड तसाच धरला. त्याच्याकडे बघितलं. मग बाटलीकडे.

"पण पाणी तर शिल्लक आहे," ते म्हणाले.

...

प्रज्वलने शिवी दिली. आईबापांपुढं कधी दिली नव्हती तसली. मग झाकण फिरवलं आणि प्यायला. आधी घोट घोट, मग घटाघटा. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. ठसका लागला, तरी प्यायला. बाटली चेपून चेपून रिकामी केली आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारली.

"झालं समाधान? संपलं सगळं! वडील बरोबरच म्हणतात, माझ्या हातात काही टिकत नाही. घाला जीपमध्ये."

दर्याशांनी बाटली उचलली, वाळू झटकली आणि त्याच्या हातात दिली. नंतर आणलेले दगड एकेक करून जिथले तिथं नेऊन ठेवले. तोपर्यंत प्रज्वलच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता.

"चल," ते म्हणाले.

---

चुलीत शिरायला अंग तिरपं करावं लागलं, इतकी फट अरुंद. आत थंड होतं. कोपऱ्यात खडकाला ओल होती आणि खालच्या खाचेतून करंगळीएवढी धार गळत होती.

"आहे! बाबा, पाणी आहे!"

दर्याशांनी ओंजळ धरली, भरेपर्यंत थांबले, प्यायले. पुन्हा धरली, पुन्हा प्यायले. ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि बाजूला सरकले.

प्रज्वल गुडघ्यांवर बसला. त्याने बाटली धारेखाली धरली.

धार बारीक होती. तो थांबला. ओठ फाटले होते, त्यांवरून तो जीभ फिरवत होता, आणि बाटली तिरकी करून एक थेंबही बाहेर जाणार नाही असं बघत होता. वरच्या फटीतून ऊन आत उतरलं. आधी माथ्याकडचा पट्टा पेटला, मग त्याखालचा, मग सगळ्या भिंती निखाऱ्यासारख्या झाल्या. तांबडा उजेड खाली येत येत प्रज्वलच्या पाठीवर आला. त्याचं लक्ष बाटलीच्या गळ्याकडे होतं.

गळ्यापर्यंत भरली. त्याने झाकण घट्ट लावलं, एकदा उलटी करून गळत नाही ना बघितलं आणि सॅकच्या जाळीत खोचली. मग तो उठला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा शांत दिसत होता.

"बाबा," तो म्हणाला, "आता सांगा. जीप चुकायला नको. मी राहू की जाऊ?"

दर्याशा वाकले. त्यांनी पायाजवळचा एक दगड उचलला, तळहातावर वर-खाली करून त्याचं वजन बघितलं.

"जीपला वेळ आहे अजून," ते म्हणाले. "हा कुठं ठेवू ते सांग... पायाशी, की डोक्याशी?"