तापीबाईचं उलटं चक्र

पाण्याला महाग झालेल्या एका डोंगरी राज्यात तापीबाई नावाची एक विदुषी राहत होती. निसर्गाची कोडी ती पोथीत शोधत नसे, हातानं करून बघत असे. एकादशीला लावलेला दिवा जास्त वेळ जळतो, असं सासू म्हणाली, तेव्हा तिनं सारखंच तेल घालून एकादशीला एक आणि द्वादशीला एक असे दिवे लावून पाहिले. पुढं सासूबाईंनी तिच्यासमोर बोलणंच कमी केलं. लोक तिला 'करूनबघूबाई' म्हणत. राजानं मात्र तिला कौतुकानं एक प्रयोगशाळा बांधून दिली होती.

या तापीबाईच्या मनानं घेतलं, की उजेडाला धक्का देण्याचं बळ असलं पाहिजे. तिनं काचेच्या बरणीत सुईच्या टोकावर अभ्रकाच्या पानांचं हलकं चक्र बसवलं आणि आतली हवा होईल तेवढी उपसून काढली. प्रत्येक पानाची एक बाजू काजळानं काळी, दुसरी चकचकीत. "उजेड चकचकीत बाजूवर आपटून परत फिरेल. धक्का तिकडं जास्त बसेल आणि ती बाजू मागं हटेल," असं तिनं राजाला आधीच सांगून ठेवलं.

राजाला धीर कुठला! उजेडावर चक्र फिरत असेल, तर पाणी उपसायला मोटा आणि बैल हवेत कशाला? बरणी तयार झाल्याचं कळताच, तापीबाईला स्वतः बघायचीही सवड न देता, त्यानं ती दरबारात मागवली.

खिडकीतून बरणीवर ऊन पडलं. चक्र हललं आणि भिंगरीसारखं फिरू लागलं. राजपुरोहित ताडकन उठले. "उजवीकडून फिरतंय! अहो, उजेड प्रदक्षिणा घालतोय!"

झालं! सारा दरबार हात जोडून उभा. राजानं तापीबाईच्या खांद्यावर शाल घातली आणि फर्मान सोडलं, "उद्याच सगळ्या मोटा मोडा. विहिरीविहिरीवर सूर्यचक्रं बसवा!"

तापीबाई मात्र बरणीकडे बघून चक्रावली होती. तिच्या हिशेबानं चक्र डावीकडून फिरायला हवं होतं. इथं तर काळी बाजूच मागं हटत होती! पानं उलटी बसली का? तिनं वाकून पाहिलं. पानं बरोबर होती. मग आपलं डोकंच उलटं बसलंय की काय? तिला काही म्हणता काही कळेना. गप्प बसावं, तर कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं. बोलावं, तर शाल जाणार, प्रयोगशाळाही जाणार. पण मोटा मोडल्या आणि चक्रं अडली, तर गावंच्या गावं तहानेनं मरतील.

"महाराज, मोटा मोडू नका. चक्र उलटं फिरतंय."

"उलटं? पुरोहित तर सुलटं म्हणतात!"

"त्यांच्या शास्त्रानं सुलटं, माझ्या शास्त्रानं उलटं. मी समजले ते बळ हे नव्हे."

"मग कुठलं?"

"ठाऊक नाही, महाराज."

दरबारात हशा पिकला. राजा संतापला. मोटा राहिल्या, पण तापीबाईची शाल गेली आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं.

ती बरणी घेऊन घरी आली. काजळ पुसून पाहिलं, पानं बदलून पाहिली, उन्हाऐवजी दिवा धरून पाहिला. आता सुटलं म्हणावं, तर पुन्हा मुसळ केरात! राग यायचा, रडू यायचं. शेवटी तिनं हवा उपसायचा भाताच नव्यानं बनवला आणि बरणीत उरलीसुरली हवाही काढली. मग भर उन्हातही चक्र ढिम्म हलेना. म्हणजे काळी बाजू तापत होती आणि तिच्याजवळची तापलेली हवा चक्राला ढकलत होती! तेवढ्या धक्क्यानं विहिरीतून घागरभर पाणीही वर येणार नव्हतं.

तिनं ती बरणी राजापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. राजानं ती स्वतःच्या हातांनी उन्हात धरली, फिरवून पाहिली. चक्र जागचं हललं नाही. राजाचा चेहरा उतरला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता, तर आज माझी प्रजा अशाच चक्रांपुढं रिकाम्या घागरी घेऊन उभी असती." मग त्यानं विचारलं, "म्हणजे उजेडात बळ नाहीच तर?"

"तेही ठाऊक नाही, महाराज. उलट गोंधळ आणखी वाढलाय."

"वाढू द्या. तो संपेपर्यंत प्रयोगशाळा तुमची."

"मग ती कायमचीच झाली म्हणायची!" तापीबाई म्हणाली.

तात्पर्य: कळलं नसेल, तर 'कळलं नाही' म्हणायला लाजू नये, वाहवेच्या भरात आपण गिळलेला गोंधळ दुसऱ्यांच्या घशाला कोरड पाडतो.