अत्तरवाल्याने भिंतीपलीकडे टाकलेले किडे

एका गावात एक अत्तरवाला राहत होता. दुकानात अत्तराचे फाये आणि परसात वास नसलेली जास्वंद! लोक थट्टा करायचे. पण माघातल्या गणेशजयंतीला देवळातला पहिला हार त्याच्याच जास्वंदीचा असायचा. त्या मानावर तो वर्षभर ताठ चालायचा.

एका वर्षी जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. फांद्यांवर कापूस चिकटावा तसे पांढरे किडे आणि त्यांच्या मागे मुंग्यांची रांग. शेजारच्या कासारणीच्या जास्वंदीवरही तो होताच.

कासारीण भिंतीवरून म्हणाली, "भाऊ, रिठ्याच्या पाण्याने फांद्या धुवा. बुंध्याशी राख टाका, मुंग्या चढणार नाहीत."

"बाई, तुम्ही बांगड्या भरा. झाडाचं मी बघतो."

तेवढ्यात देवळाचा गुरव सांगून गेला, "तुमची फुलं नसली तर यंदा हिची घेऊ हं."

झालं! अत्तरवाल्याची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्याला किड्यांत काही थोराड, झिपरे, चपळ किडे दिसले. धंदेवाईक डोकं ते, लगेच हिशेब केला: हेच म्होरके. हे गेले की बाकीचे पांगतील. आणि मारायचे तरी कशाला? रोज सकाळी तो ते काडीने वेचून पानावर घ्यायचा आणि हळूच कासारणीच्या झाडांवर टाकायचा.

जयंती आली. अत्तरवाल्याची जास्वंद काळी, चिकट, एक कळी नाही. कासारणीची लालबुंद! ती हार घेऊन देवळात आली तसा हा चारचौघांत कडाडला, "हिने काहीतरी फवारलं आणि सगळे किडे माझ्याकडे हाकलले!"

"नाही हो भाऊ," कासारीण म्हणाली. "भिंतीलगतच्या फांदीवर मोठे झिपरे किडे दिसले. चिरडणारच होते, तर त्यातला एक पिठ्या ढेकूण खाताना दिसला. मग मी रिठ्याचं पाणीही थांबवलं. त्यांनीच झाड साफ केलं, पुढे त्यांचे छोटे भुंगे झाले. कुठून आले कोण जाणे! ज्याने धाडले त्याच्या हातून आज हार घालायचा, असा मी नवस बोलले आहे."

अत्तरवाल्याला सगळं उमगलं. आपले राखणदार आपणच वेचून दिले होते! पण बाजारात मुरलेला माणूस. तोट्यातही त्याला नफा दिसला.

"मीच टाकले ते," तो म्हणाला. एक शब्दही खोटा नव्हता.

कासारणीने हात जोडले. "अगं बाई! आणि एका शब्दाने बोलला नाहीत? वर मी तुमच्याबद्दल मनात काय काय आणलं! माफ करा हो भाऊ." तिने हार त्याच्या हातात दिला. गुरव म्हणाला, "शेजारी असावा तर असा!"

हार हातात होता, पण हात वर जाईना. ती माफी मागत होती, तेही त्याची! त्याचे कान तापले.

"धाडले नव्हते बाई," तो खाली बघत पुटपुटला. "तुमचं झाड मरावं म्हणून टाकले होते."

कासारणीने हार परत घेतला आणि आपल्या हाताने देवाला घातला. मग प्रसाद मात्र पहिला त्याच्याच तळहातावर ठेवला. इवलासा मोदक, तसाच मुठीत धरून अत्तरवाला खाली मानेने घरी गेला.

तात्पर्य काय, तर किडा मारण्याआधी तो काय खातो ते बघावं. आणि वाईट मनाने केलेल्या कामातून चुकून भलं झालं, तर त्याचा मान घ्यायला हात पुढे करू नये.