भिंतीतून आलेलं विरजण

एक होतं गाव. त्याला राजा नव्हता बरं का, तो कधीच शहरात राहायला गेला. मग त्याच्यामागं दुकानदार गेला, मग मास्तर गेले, आणि एकेका दाराला कुलूप लागलं. उरली तीन घरं, भिंतीला भिंत लावून.

एकात ठकूआत्या. तिच्याकडं आजेसासूपासून चालत आलेलं विरजण. मधल्यात सोनका, तिच्याकडं गावातली शेवटची म्हैस. पलीकडं हिरावती कुंभारीण, तिच्याकडं मडकीच मडकी. पण तिघींचं बोलणं आपलं जेवढ्यास तेवढं. आत्या म्हणायची, सोनका दुधात पाणी घालते. सोनका म्हणायची, आत्याचं दही आत्यासारखंच आंबट.

एकदा काय झालं, दिवेलागणीला धार काढताना म्हैस चक्क बोलली. "उद्या सकाळी तिन्ही घरांत माझं दही दिसलं तर राहीन. नाहीतर मीही चालले. एकटीनं किती हंबरायचं?"

म्हैस गेली की सोनकालाही गाव सोडावं लागणार होतं. मग ती पुढच्या दारानं विरजण मागायला गेली. आत्या म्हणाली, दिवा लागला, आता दही घराबाहेर जायचं नाही. मग ती मागच्या दारानं गेली. आत्या तिथंही आडवी. तिचेही डोळे भरले होते हो, पण सासूची रीत मोडायची कशी?

मग हिरावती आली, नवं मडकं कडेवर घेऊन. तिनं मधली भिंत वाजवून पाहिली. म्हणाली, "आत्या, घराबाहेर नको ना? मग घरच एक करू."

तिघींनी माती उकरली. आधी हात जाईल एवढं भोक, मग डोकं, मग आख्खी आत्या, विरजणाची वाटी सांभाळत. तशीच पलीकडची भिंतही उघडली. दुधात बोट बुडवून आत्या पुटपुटली, "पाणी नाही गं यात."

सकाळी मडकं उपडं केलं तरी दही पडेना. तिन्ही घरांत वाट्या भरल्या. म्हैस खाली बसली, निवांत रवंथ करू लागली.

मग तिघींनी भागीत धंदा मांडला. मडकी बाजाराला जायला लागली, दह्याचा वास थेट शहरात. मग दुकानदार परत आला, मास्तर आले, म्हशीला मैत्रिणी आल्या. शेवटी राजाही आला, वाटी घेऊन रांगेत उभा राहिला. येईल त्यानं फक्त भिंतीला एक दार पाडायचं. एकीकडं चहा उकळला की सगळ्या गावाला कळायचं. केवढी सोय, नाही?

सगळी सुखानं नांदली. आणि बघा, मीही आत्ताच दूध विरजून ठेवलंय. विरजलेलं भांडं हलवायचं नसतं, नाहीतर दही लागत नाही. मग तुम्हीही आता हलू नका. अगदी सकाळपर्यंत.