पांढऱ्या रेषांचं मैदान

जनावरंसुद्धा मंडळं काढायची, त्या काळातली ही गोष्ट. सशांचं एक खो-खो मंडळ होतं. मैदानातले खांब कुजले, म्हणून त्यांनी सरकारकडे अनुदान मागितलं. ते नाही मिळालं तर जागा म्हशींच्या डबक्याला जाणार होती.

सरकारचे करकोचेसाहेब पाहणीला येणार असं कळलं. मंडळाचे अध्यक्ष झुपकेराव ससे यांनी मैदान झाडून घेतलं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या आणि भोवती दोरी बांधली.

"साहेब येऊन जाईपर्यंत आत कुणी पाय टाकायचा नाही."

"मग पोरांनी खेळायचं कुठं?" एका आईनं विचारलं.

"चार दिवस नाही खेळली तर काय दुबळी होतात का, बाई?"

साहेब आले. मान वाकडी करून बघतच राहिले. "सुंदर आहे. पण इथं खेळतं कोण? एक पाऊल उमटलेलं नाही."

"खराब होऊ नये म्हणून, साहेब."

"मग खांब तरी कशाला हवेत?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून "खो" ऐकू आलं. साहेब तिकडे गेले. बाभळीखाली पिल्लं खेळत होती, आणि ती आई एकाच्या तळव्यातला काटा काढत होती. काटा निघाला तसं ते पुन्हा पळालं.

झुपकेरावांनी ते पाहिलं. मागे फिरून त्यांनी स्वतःच्या दातांनी दोरी कुरतडली. पिल्लं आत घुसली आणि एका डावातच रेषा पुसल्या.

"पुन्हा आखू का, साहेब?" त्यांनी भीतभीत विचारलं.

साहेबांची नजर पिल्लांवरच होती. "आखा की. नवे खांब रोवले की आखा."