कप्पीने ओ दिली नाही

हाक मारली की वस्तूसुद्धा ओ देत, त्या काळातली ही गोष्ट. भिवराबाई नावाची म्हातारी एकटीच राहायची. अंगणातलं जातं, विहिरीवरची कप्पी, डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ, ही गोल मंडळीच तिची माणसं. "ये गं चुंबळी, बस डोक्यावर," असं ती रोज बोलायची.

एकदा जात्याने सगळ्यांना जमवलं. "आपण एकाच आकाराचे. मग ही निरनिराळी नावं कशाला? आजपासून सगळ्यांचं नाव गोल. जुन्या नावाला जो ओ देईल, तो आपल्यातला नाही."

"पण म्हातारीला नेमकं कोण हवंय, ते कसं कळायचं?" चुंबळीने विचारलं.

"तू तर चिंध्यांची. उलगडलीस की संपलीस. तू कसली गोल?" जातं गुरगुरलं.

दुसऱ्याच दिवशी पाणी काढताना भिवराबाईचा पाय घसरला आणि ती विहिरीत पडली.

"कप्पे, दोर सोड गं!" तिने खालून हाक मारली.

कप्पीने जात्याकडे पाहिलं.

"नियम म्हणजे नियम," जातं म्हणालं.

"कप्पे... अगं कप्पे..."

आता म्हातारी 'गोल' म्हणेल, मग लगेच दोर सोडू, म्हणून कप्पी जिवाचा कान करून थांबली. पण नवं नाव म्हातारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

हाक थांबली.

तेव्हापासून कप्पी वाऱ्यावर फिरते आणि कण्हते, "मी कप्पी, मी कप्पी." खालून कुणी ओ देत नाही.